पाइपाखालची जागा

आयुष्यभर मला काळजी करण्याचा पगार मिळाला. कार्डावर 'इन्स्पेक्शन इंजिनिअर' असं छापलेलं असायचं, पण खरं काम तेच. चारचौघांना चकचकीत दिसणाऱ्या पाइपाकडे बघून मनात वाईटसाईट आणायचं आणि मग ते इतरांना पटवत बसायचं. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. आमच्या भाईंदरच्या घरात कशालाही कव्हर नाही. सोफ्याला नाही, फ्रिजच्या हँडलला नाही, आणि टीव्हीच्या रिमोटवर कोणी प्लॅस्टिक चढवलं तर त्याच दिवशी मी ते फाडते. नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिच्यासमोर काही झाकून ठेवू नका, हिला झोप लागणार नाही." पाहुणे हसतात, मीही हसते. पण तो खोटं बोलत नसतो.

माझा सगळा जन्म झाकलेल्या पाइपांमध्ये गेला. कारखान्यात वाफेचे गरम पाइप असतात आणि थंड गॅसचे गार पाइप असतात. गरम पाइपाची ऊब बाहेर जाऊ नये, गार पाइपात बाहेरची ऊब शिरू नये, म्हणून दोघांनाही गोधडी घालतात. धंद्यात तिला लॅगिंग म्हणतात. आत काचेच्या तंतूंची लोकर किंवा थर्माकोल, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, नाहीतर डांबर, जाळी आणि प्लास्टर. बघणाऱ्याला वाटतं, पाइप किती जपून ठेवलाय. पण त्या गोधडीत एकदा पाणी शिरलं की ती ते सोडत नाही आणि पाइप महिनोन्महिने ओल्या पट्टीत बांधल्यासारखा राहतो. उघडा पाइप गंजला तर येणाराजाणारा बोट दाखवतो, कोणीतरी ब्रश घेऊन येतो. झाकलेला गंजतो तेव्हा वरचा पत्रा मात्र तसाच चमकत असतो. पाइप फुटतो त्या दिवशी सगळ्यांना कळतं.

हे टाळायला मोठी अक्कल लागत नाही. गोधडी घालायच्या आधी पाइप घासून नीट रंगवायचा. पत्र्याची शिवण खालच्या अंगाला घ्यायची, म्हणजे पाणी ओघळून जातं. लॅगिंगमधून जिथे सळई किंवा व्हॉल्व्ह बाहेर डोकावतो, तिथली फट बुजवायची. आणि अधूनमधून उघडून बघायचं. पहिल्या तीन गोष्टी लोक कुरकुरत का होईना, करतात. चौथी म्हटली की चेहरे बदलतात. चांगलं दिसणारं फोडायचं कशाला, हा प्रश्न मला प्रत्येक कारखान्यात विचारला गेलाय.

गिऱ्हाइकं तरी एकेक! औषधाच्या एका कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे होते. पाइपांखालच्या गॅलरीतून चालताना त्यांना पत्र्याच्या शिवणी दिसू नयेत म्हणून साहेबांनी सगळ्या शिवणी फिरवून वरच्या अंगाला घ्यायला लावल्या. पत्रा आरशासारखा दिसायला लागला. मी म्हटलं, "साहेब, पाहुणे पाच मिनिटं थांबतील, पाऊस चार महिने मुक्काम करतो." त्यांनी मला चहा पाजला आणि शिवणी तशाच ठेवल्या. काशीमीऱ्याला एका लाँड्रीत कामगार पंख्याचं बटण गाठायला वाफेच्या पाइपावर चढायचे. मॅनेजर अभिमानाने सांगायचा, "मॅडम, माणूस उभा राहतो, एवढा मजबूत आहे!" माणूस उभा राहतो म्हणून पत्रा दबतो, पत्रा दबला की शिवण उघडते आणि तिथून पाणी आत जातं, हे त्याला सांगता सांगता माझा घसा सुकला. पुढच्या वेळी गेले तर मजबूत पाइपावर दोघं उभे होते.

पण ज्या कारखान्याने मला खरं घाबरवलं, तो यांच्यापेक्षा कितीतरी साधा होता. भाईंदरजवळच्या डोंगरीच्या रस्त्यावरची एक बर्फाची फॅक्टरी. मालकांना मी विनायकशेठ म्हणेन. माणूस सज्जन, बोलका, बोलताना समोरच्याच्या चहाकडे लक्ष ठेवणारा. त्यांच्याकडे येणारे आधीचे इन्स्पेक्टर गावी जाऊन राहिले, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

बर्फ बनवायला अमोनिया गॅस लागतो. तो ज्या गार पाइपातून फिरतो, त्यालाही लॅगिंग असतं. अमोनिया थोडा सुटला तर डोळ्यांना धारा लागतात, जास्त सुटला तर श्वास घेता येत नाही. या फॅक्टरीत कॉम्प्रेसरच्या खोलीतून निघालेला मोठा पाइप बर्फाच्या टाकीकडे जाताना मधल्या ओट्यावरून जायचा. ओट्यावर छप्पर होतं. बर्फाच्या लाद्या तिथूनच टेम्पोत चढायच्या आणि बाकीचा वेळ तो ओटा मासळीवाल्या बायकांचा असायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, फॅक्टरीही बंद असते. तेव्हा या बायका तिथे बसून सुकी मासळी निवडायच्या. वर छप्पर, खाली कोरडी फरशी आणि डोक्यावर तो पाइप.

बंदीच्या महिन्यांबद्दल सगळ्यांचा एक गोड गैरसमज असतो. मशीन थांबलंय, म्हणजे पाइपाला विश्रांती. खरं तर उलट असतं. फॅक्टरी चालू असताना लॅगिंगमध्ये शिरलेली ओल गोठून बसते, आणि गोठलेलं पाणी गंज फारसा चढू देत नाही. फॅक्टरी बंद झाली की ते वितळतं आणि पाइप कोमट पाण्यात भिजत राहतो. मग नारळी पौर्णिमा जवळ आली की शेठ लॅगिंगवर पांढरा रंग मारून घेतात, लाल पट्टा ओढतात, कॉम्प्रेसरला हार घालतात. गंजावर दर वर्षी नवे कपडे चढतात.

मी गेले तेव्हा रंग नुकताच वाळला होता. पूजा दोन दिवसांवर होती आणि ऑपरेटर यादवजींनी आदल्या दिवशी गॅस सोडून ट्रायलही घेतली होती. विनायकशेठ मला थेट कॉम्प्रेसरच्या खोलीशी घेऊन गेले. तिथे छातीच्या उंचीवर लॅगिंगला एक छोटी झाकणाची खिडकी होती. झाकण काढायचं, पाइपावर मीटर टेकवायचा, जाडी बघायची, झाकण लावायचं. जाडी उत्तम होती.

"बघा! दरवर्षी हेच येतं," शेठ म्हणाले. "पाइप माझ्या वडिलांनी टाकलेला. तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं, मॅडम."

"आणि दरवर्षी मोजतात ते इथेच?"

"मग? खिडकी इथेच आहे ना."

ती जागा सगळ्यात कोरडी, भिंतीच्या आडोशाची. तिथे पाइप चांगला असणारच. बाकीच्या लांबीबद्दल आजवर कोणी काही विचारलेलंच नव्हतं. मी म्हटलं, जरा ओट्यावरून फिरून येते.

ओट्यावर पाचसहा बायका सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात मधोमध रेजिनामावशी. वय साठीच्या पुढचं, आवाज सगळ्या ओट्याला पुरेल असा. तिच्या शेजारी पाइपाच्या बरोबर खाली एक अॅल्युमिनियमचं घमेलं होतं आणि त्यात थेंब पडत होता. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप्. मावशीने त्यात हात धुतले आणि पदराला पुसले.

"मावशी, हे पाणी कसलं?"

"पायपाचा. गोडा पाणी हाय, बाय. आमी हात धुतो."

"फॅक्टरी चालू असते तेव्हा पडतं?"

"तवा पडतंच. आता बंद हाय तरी पडतंय. हा आमचा नळ हाय."

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. फॅक्टरी चालू असताना गार पाइपाला घाम येतो, त्यात नवल नाही. पण एवढे दिवस बंद असलेला पाइप, डोक्यावर छप्पर, आणि तरी थेंब. म्हणजे पाणी लॅगिंगच्या आत होतं आणि ते संपतही नव्हतं. आणि त्या पाइपात कालपासून गॅस होता.

मी परत जाऊन विनायकशेठना सांगितलं की तिथे लॅगिंग फोडून बघावं लागेल. ते आधी हसले. मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाहीय.

"मॅडम, परवा पूजा आहे. होड्या निघतायत. आज फोडलं तर परत लॅगिंग करणार कोण आणि वाळणार कधी? बर्फ तयार व्हायलाच दीड दिवस लागतो. बंदर माझ्यावर अवलंबून आहे."

"नुसतं फोडूनही चालणार नाही. आधी गॅस काढावा लागेल."

"का पण?"

हे सांगणं मलाच अवघड होतं. लॅगिंगखाली पाइप फार खाल्ला गेला असेल तर कधीकधी तो गंजाच्या पापुद्र्यावरच टिकून असतो. वरचं लॅगिंग ओढताना पापुद्रा निघाला तर गॅस आपल्याच तोंडावर येतो. म्हणजे न उघडण्यात भीती, आणि घाईने उघडण्यातही भीती. यादवजी दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "खोलना है तो पहले गॅस खिंचना पडेगा, सेठ. सब वापस टंकी में. पुरी दुपहर जायेगी."

शेठ चिडले. "अरे, एका थेंबासाठी? मॅडम, खिडकीत तुम्ही स्वतः मोजलंत! तपासणीच्या कागदावर सही करायला अडचण काय?"

आम्ही तिघं बोलत बोलत ओट्यावर आलो होतो. बायकांचे हात थांबले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझी खात्री नव्हती. थेंब म्हणजे गंज असं नसतं. कित्येकदा मी ओलं लॅगिंग उघडलंय आणि आत पाइप ठणठणीत निघालाय. एका माणसाचा मोसम अडवायचा आणि हाती काही लागायचं नाही, ही भीती होतीच.

तेवढ्यात रेजिनामावशीने विचारलं, "बाय, येक इचारू? तू बसशील काय हितं?"

तिने अगदी सहज विचारलं, कुठे बसची वेळ विचारावी तसं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मी वर पाइपाकडे बघितलं, मग मावशीकडे.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही बसणार."

कोणी आरडाओरडा केला नाही. मावशीने सुकटीची टोपली उचलून कडेवर घेतली, घमेलं पायाने सरकवलं आणि ओटा उतरून समोरच्या जाळ्यांच्या शेडकडे चालायला लागली. मागून एकेक करून सगळ्या उठल्या. ओटा रिकामा झाला. विनायकशेठ रिकाम्या फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यादवजी, खिंचो." आणि माझ्याकडे वळून, "काही निघालं नाही तर पुढच्या वर्षी येऊ नका."

ती दुपार मी विसरणार नाही. कॉम्प्रेसर धडधडत होता, यादवजी दाबाच्या काट्याकडे बघत उभे होते आणि मी पाइपाकडे. बाहेर पाऊस होता. प्रत्येक धक्क्याबरोबर पाइप किंचित हलायचा, आणि मी नुकत्याच मारलेल्या पांढऱ्या रंगावर चीर पडतेय का ते बघायची. आज इतके दिवस चालला तो याच दुपारी फुटला तर? आणि नाहीच काही निघालं तर? दोन्ही विचार आळीपाळीने येत होते आणि कुठला जास्त वाईट तेही कळेना. शेठनी मला चहा पाठवला. रागावले होते तरी पाठवला. मी तो प्यायला विसरले.

गॅस उतरल्यावर यादवजींनी थेंबाच्या जागी करवत घातली. प्लास्टर निघालं, जाळी निघाली, थर्माकोल स्पंजासारखा भिजलेला होता. दाबला की पाणी. त्याखालचं जुनं डांबर मात्र शाबूत होतं. मी ते खरवडलं, पाइप पुसला, मीटर लावला. जाडी उत्तम. अगदी खिडकीइतकीच उत्तम.

"आता?" शेठ म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. सही करावी, घरी जावं, परत या रस्त्याला फिरकू नये असं वाटलं. पाइप तर चांगला निघाला होता, मग आता कसली काळजी? मी मीटर पिशवीत ठेवत होते तेव्हा पुसून कोरड्या केलेल्या पाइपावर पाण्याची एक बारीक रेघ डावीकडून आली आणि कापलेल्या जागी खाली टपकली.

पाणी इथे फक्त बाहेर पडत होतं, येत दुसरीकडून होतं. मी रेघेच्या उलट दिशेने बघत गेले. थोड्या अंतरावर पाइपाला छपरातून लोखंडी सळईने टांगलं होतं. सळई लॅगिंग भेदून आत जात होती आणि पाइपाला थेट आवळलेली होती. छपराच्या पत्र्याला सळईशी बारीकसं भोक. पावसाचं पाणी सळईवरून उतरून नव्या पांढऱ्या रंगात गुपचूप नाहीसं होत होतं. रंगाला तिथे फोड आला होता. बाहेरून बघताना तो मला दिसला नव्हता, कारण मीसुद्धा थेंब पडतो तिथेच बघत होते.

"शेठ, अजून एकच ठिकाण," मी म्हटलं.

यादवजींनी स्टूल सरकवलं.

तिथलं लॅगिंग कापायला करवत लागलीच नाही. थर्माकोल काळा पडून हातात आला. त्याखाली पाइप नेहमीपेक्षा जाड दिसत होता, आणि गंजलेला पाइप असाच फुगतो. वरून खारी बिस्किटासारखे पदर सुटत होते. मीटर लावायला सपाट जागाच नव्हती. यादवजींनी पदर बाजूला करायला स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला. टोक आत गेलं.

आत उरलासुरला गॅस असणार. एक बारीक उग्र वास आला आणि आम्हा तिघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. यादवजी स्टुलावरून उतरले आणि फरशीवर बसले. "कल ट्रायल में मैं यहीं नीचे खडा था, मॅडम," ते म्हणाले. शेठनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. समोरच्या शेडमधून रेजिनामावशी ओरडली, "काय निगाला?" शेठनी नुसता हात हलवून तिला लांबच राहायला सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी मात्र मावशी बसायची त्या फरशीकडे बघत होते.

त्या वर्षी पूजा बंद कॉम्प्रेसरसमोर झाली. होड्यांनी पहिला बर्फ दुसरीकडून भरला. ओट्यावरचा सगळा पाइप बदलला गेला. नवा पाइप घासून, रंगवून मगच झाकला. सळईचा क्लॅम्प आता लॅगिंगच्या बाहेरून, मधे लाकडी ठोकळा घालून आवळला, म्हणजे गोधडीला भोकच नको. छपराचं भोक बुजवलं. आणि खिडक्या मी सांगितल्या तिथे ठेवल्या, सळयांजवळ, जिथे चढायला शिडी लागते आणि कपडे खराब होतात. विनायकशेठनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. फक्त पांढऱ्या रंगावर लाल पट्टा हवाच, एवढं अडून बसले. मी म्हटलं, ओढा.

सगळीकडे असं उघडायला मिळालं नाही. कित्येक कारखान्यांत मी बोलले, लिहून दिलं, आणि मला नमस्कार करून दाराशी पोचवलं गेलं. त्या औषधाच्या कारखान्याच्या शिवणी अजून वरच असतील. सकाळी पेपर आला की मी आधी आतली पानं बघते, कुठे गळती, कुठे स्फोट. त्यांचं नाव नसलं की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. या भीतीला निवृत्ती नाही, आणि जिथे मला आत बघू दिलं नाही त्या प्रत्येक पाइपाची मला आजही हळहळ वाटते.

पुढच्या वर्षी बंदी संपत आली तेव्हा डोंगरीला गेले. शिडीवर चढून एकेक खिडकी उघडली. आत कोरडं, रंग तसाच, जाडी पूर्ण. उतरले तेव्हा ओट्यावर नेहमीची बैठक भरली होती. रेजिनामावशीने मला बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आलीस काय? तू आमचा नळ बंद केलास. आता हात धुवाला तिकडं रस्त्यापलीकडं जावा लागतंय."

"बरं झालं ना, मावशी."

"बरा झाला तर झाला," ती म्हणाली. मग टोपली बाजूला ओढून शेजारची फरशी हाताने झाडली. "हितं बस."

जागा पाइपाच्या बरोबर खाली होती. एवढ्या वर्षांत मी झाकलेल्या एकाही पाइपाखाली बसले नव्हते, उभीसुद्धा राहिले नव्हते. चालतानाही एक पाऊल बाजूने जायचे. आत्ताच सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघून उतरले होते, तरी माझी मान वर गेली. सळई, ठोकळा, शिवण, छपराचा पत्रा. पुन्हा सळई. बायका माझी गंमत बघत होत्या.

"सारखी काय बघतेस?" मावशी म्हणाली. "आमी बघतो ना रोज. सकाळी आल्यावर पयला वर बघतो, मंग बसतो. थेंब दिसला तर शेठला हाक मारतो, त्यो न्हाय आला तर उटतो."

मी मान हलवली.

"बस आता," ती म्हणाली. "वरती आमी बघतो."

मी बसले.